कार्बन रेलचं सॅडल घेताय? मग आधी सीटपोस्टचा क्लॅम्प बघा

सॅडल, म्हणजे सायकलची सीट, बदलायचं ठरलं की लोक वजन बघतात, रुंदी बघतात, मधला कटआउट बघतात, रिव्ह्यू वाचून वाचून डोळे दुखायला लागतात आणि सॅडल घरी आल्यावर कळतं की ते आपल्या सीटपोस्टच्या (सीट ज्यावर बसते त्या दांड्याच्या) क्लॅम्पमध्ये बसतच नाहीये. त्याहून वाईट म्हणजे ते बसल्यासारखं वाटतं. न बसणारं सॅडल परत तरी करता येतं, पण बसल्यासारखं वाटणारं सॅडल लोक गच्च आवळतात आणि दुसऱ्या दिवशी सिंहगड चढायला निघतात, आणि कार्बनच्या बाबतीत खरा धोका तिथेच आहे. नवीन रोडबाइकवाले मित्रमैत्रिणी हाच प्रश्न सारखा विचारतात म्हणून सगळं एकदा पहिल्यापासून लिहून काढतोय, ज्यांना रेल म्हणजे काय तेही माहीत नाही त्यांनीपण बिनधास्त वाचा.

सॅडलच्या पोटाखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन दांड्या असतात त्या म्हणजे रेल. सीटपोस्टच्या डोक्यावरचा क्लॅम्प या दोन दांड्यांना पकडतो आणि सॅडल जागेवर राहतं. स्टील, क्रोमोली, टायटॅनियम असे धातूचे रेल असतील तर ते जवळपास सगळीकडे गोल असतात आणि जाडी ७ मिमी, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही बघावं लागलं नाही, कुठलंही सॅडल कुठल्याही पोस्टवर चढायचं. कार्बनचे रेल मात्र बहुतेक वेळा अंडाकृती असतात, रुंदी तीच ७ मिमी पण उंची ९ मिमी. यालाच ७x९ म्हणतात, आणि बोलताना सात बाय नऊ.

ही जास्तीची उंची उगीच दिलेली नाही. दांडीचा वाकायला होणारा विरोध तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ७ चे ९ केले की नुसत्या आकारामुळेच रेल दुपटीहून जास्त ताठ होतो, आणि खड्ड्यात आदळल्यावर सगळा भार तोच घेतो. कार्बन फायबरचा स्वभाव बांबूसारखा आहे, धाग्यांच्या दिशेने प्रचंड ताकद, पण आडवा एका जागी दाबला की चिरतो. धातूचा रेल एका बिंदूवर जास्त दाबला गेला तर थोडा चेपतो, व्रण पडतो आणि पुढे वर्षानुवर्षं चालतो. कार्बन चेपत नाही. आतले थर एकमेकांपासून सुटतात, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस काड्‌कन तुटतो. त्यामुळे क्लॅम्पने रेलला नुसतं पकडून भागत नाही, जितक्या जास्त जागेवर दाब सारखा पसरेल तितकं चांगलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर चालतं.

आधी मोजा

नवीन सॅडल घेताय तर स्पेसिफिकेशनमध्ये रेलचं माप लिहिलेलं असतं, ते शोधा. नुसतं "कार्बन रेल" एवढंच लिहिलं असेल तर विकणाऱ्याला विचारा, कारण सगळे कार्बन रेल ७x९ नसतात. ७x९.३, ७x९.६, ७x१० अशीही मापं बाजारात आहेत, ट्रेक कंपनीच्या बॉन्ट्रेगर सॅडलचे कार्बन रेल ७x१० चे येतात, आणि जुन्या सॅडलमध्ये याहून वेगळी मापंही सापडतात. अर्धा मिमीने काय फरक पडतो असं वाटेल, पण काही क्लॅम्पमध्ये पडतो, पुढे सांगतो कुठल्या.

सेकंडहँड घेत असाल तर व्हर्निअर कॅलिपर घेऊन जा, साधा प्लास्टिकचा असला तरी चालेल. जिथे क्लॅम्प बसणार त्या सरळ भागात मोजा, पुढच्या वळणाजवळ नको, आणि रुंदी नि उंची दोन्ही मोजा. दोन्ही रेल मोजा. मोजता मोजताच मोबाइलच्या टॉर्चने आधीच्या क्लॅम्पच्या खुणाही बघून घ्या. वरच्या लॅकरवर (चकचकीत थरावर) पुसट चट्टा असेल आणि नख फिरवल्यावर गुळगुळीत लागत असेल तर ठीक. नख अडकलं, पांढरी रेघ दिसली किंवा धागे उभे राहिलेले दिसले तर कितीही स्वस्त मिळत असलं तरी ते सॅडल घेऊ नका.

बिनानावाची, ब्रँड नसलेली फुल कार्बन सॅडल ऑनलाइन फार स्वस्तात मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यासोबत रेलचं नक्की माप नसतं, जास्तीत जास्त टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) किती ते नसतं, चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा नसते, म्हणजे खालच्या प्रत्येक पायरीवर तुम्हाला जो आकडा लागणार तोच नाही. चांगल्या कंपन्यांच्या हलक्या सॅडललाही कधीकधी वजनाची मर्यादा असते, मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, ती घ्यायच्या आधी वाचा.

मग आपला क्लॅम्प ओळखा

सायकलमागे खाली बसा आणि सॅडलखाली बघा. बोल्ट किती आहेत त्यापेक्षा क्लॅम्प रेलला कुठून दाबतोय हे बघायचंय. वरून-खालून की बाजूने? हा एकच प्रश्न, आणि नव्वद टक्के निर्णय इथेच होतो.

वरून-खालून दाबणारा क्लॅम्प म्हणजे खाली एक बैठक असते, तिच्यात दोन खाचा, त्यात रेल बसतात, आणि वरून दुसरी पट्टी किंवा दोन तुकडे येऊन बोल्टने खाली खेचले जातात. बोल्ट उभे किंवा थोडे तिरके असतात, बहुतेक पुढे एक आणि मागे एक. थॉमसन कंपनीचा एलिट पोस्ट हे याचं नेहमीचं उदाहरण. यात रेलची रुंदी ७ च राहत असल्यामुळे ती खाचेत बरोबर बसते आणि उंची वाढली तर वरची पट्टी फक्त २ मिमी वर उचलली जाते. म्हणून हा प्रकार कार्बन रेलला साधारणपणे चालतो आणि ९.३ असो की ९.६, फारसं अडत नाही.

पण साधारणपणे म्हणालो, नेहमी नाही. इथे तीन गोष्टी बघायच्या. पहिली, बोल्टची लांबी. पट्टी २ मिमी वर गेली म्हणजे बोल्टचे तेवढे आटे नटातून बाहेर आले. आवळल्यावर बोल्टचं टोक नटाच्या पलीकडे निदान पोचलेलं तरी दिसायला हवं, आटे अर्धेच पकडले असतील तर ते कधीतरी सोलले जाणार, मग त्याच जाडीचा लांब बोल्ट कंपनीकडून मागवा. दुसरी, वरच्या पट्टीची लांबी आणि कड. पट्टी जितकी लांब तितकं बरं आणि तिच्या दोन्ही टोकांच्या कडा गोलसर हव्यात. काही हलक्या पोस्टमध्ये वजन वाचवायला पट्टी इतकी आखूड करतात आणि कड इतकी धारदार ठेवतात की रेलला ती चाकूसारखीच लागते, आणि रेल तुटतो तेव्हा बहुतेक वेळा अगदी त्या कडेलाच तुटतो. तिसरी, वरचा आणि खालचा भाग मधे एकमेकांत अडकायला बनवलेला नाही ना. काही एका बोल्टच्या क्लॅम्पमध्ये दोन्ही भाग जवळ येऊन एकमेकांना टेकतील असाच हिशोब असतो, तिथे ९ मिमीचा रेल घातला की ते टेकतच नाहीत आणि सगळं वाकडं बसतं.

बाजूने दाबणारा क्लॅम्प वेगळाच. यात पोस्टच्या डोक्यातून एक आडवा बोल्ट जातो, आतल्या बाजूला एक भाग आणि बाहेरून दोन्हीकडे एकेक तुकडा, याला आपल्याकडचे मेकॅनिक कान म्हणतात, काही प्लेट म्हणतात. बोल्ट आवळला की कान आत येतात आणि रेल बाजूने चिमटीत धरला जातो. वजनाला हलका, दिसायला सुटसुटीत, म्हणून रोडबाइकवर भरपूर दिसतो. घोळ असा की कानातली खाच रेलच्या आकाराचीच कोरलेली असते. गोल ७ मिमीच्या खाचेत ९ मिमी उंच रेल जातच नाही, तो खाचेच्या वरच्या आणि खालच्या ओठावर टेकतो. बोल्ट आवळता येतो, सॅडल हलतही नाही, सगळं छान वाटतं. प्रत्यक्षात अख्खा दाब दोन बारीक रेघांवर आलेला असतो. असं लावलेलं सॅडल काढून टॉर्च मारला की लॅकरवर दोन समांतर रेघा स्पष्ट दिसतात, एक वर, एक खाली, मधला भाग कोरा. हे दिसलं की समजायचं की कान चुकीचे आहेत, मग दुकानात कुणीही "चालतंय हो" म्हणू दे.

उलटंही तितकंच खरं. ७x९ चे कान लावून गोल रेलचं सॅडल बसवलं तर रेल खाचेत खुळखुळतो आणि सॅडल नाकावर झुकतं नाहीतर मागे सरकतं. दोन सॅडल आलटून पालटून वापरणाऱ्यांना कानांचे दोन्ही जोड जवळ ठेवावे लागतात.

तिसरा प्रकार म्हणजे साध्या सायकलींवर असतो तो, सरळ नळीसारखा पोस्ट, त्याच्या टोकावर पत्र्याचा सुटा क्लॅम्प, दोन्ही बाजूंना नट आणि आत दातेरी चकत्या. हा कार्बन रेलला अजिबात लावायचा नाही, यात शक्यता बघण्यासारखंसुद्धा काही नाही. पोस्टच बदला. पोस्ट बदलताना त्याचा व्यास फ्रेमप्रमाणे हवा, २७.२, ३०.९, ३१.६ असे नेहमीचे आकडे, जुन्या पोस्टवर खाली कोरलेले असतात. व्यासाचा आणि रेलच्या मापाचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन्ही वेगवेगळे जुळवायचे.

एमटीबीवाल्यांसाठी (माउंटन बाइकवाल्यांसाठी) एक वाक्य, ड्रॉपर पोस्टचे (चालवताना उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पोस्टचे) क्लॅम्प बहुतेक वरून-खालून दाबणारेच असतात पण सगळे ड्रॉपर ७x९ ला मान्यता देत नाहीत, मॅन्युअल बघून मगच घ्या. आणि सॅडलखाली दोन दांड्यांच्या ऐवजी मधोमध एकच पट्टी असलेले मोनोलिंक किंवा आय-बीमसारखे प्रकार दिसले तर त्यांना त्यांचाच पोस्ट लागतो, त्यात जुळवाजुळव होत नाही.

कान मागवताना

बाजूच्या क्लॅम्पचे पोस्ट बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या कार्बन रेलसाठी वेगळे कान विकतात, अख्खा पोस्ट टाकून द्यायची गरज नसते. रिची कंपनीच्या एका बोल्टच्या पोस्टला वेगवेगळ्या मापाच्या प्लेट मिळतात, ट्रेकच्या सायकलींना ७x७ (म्हणजे गोल रेलचे) आणि ७x१० असे कान असतात, स्पेशलाइज्डच्या टारमॅकसारख्या सायकलींच्या पोस्टलाही ७x७ आणि ७x९ चे क्लॅम्प वेगळे येतात. नवीन सायकल घेतली असेल तर आधी खोक्यातली ती छोटी प्लास्टिकची पिशवी शोधा, ज्यात रिफ्लेक्टर आणि घंटी येते, खूपदा जास्तीचे कान त्यातच पडलेले असतात आणि लोक ते न बघता फेकून देतात. खोकं दुकानातच राहिलं असेल तर दुकानदाराला फोन करून विचारा, लाजू नका, तुमच्या सायकलीचंच सामान आहे ते.

मागवायचे झाले तर सॅडलच्या नावाने शोधू नका, पोस्टच्या नावाने आणि मॉडेलने शोधा. एका कंपनीचे कान दुसरीच्या पोस्टवर बसत नाहीत, एवढंच नाही तर त्याच कंपनीच्या दोन मॉडेलचेही बसत नाहीत. दुकानात नुसतं "सीटपोस्ट क्लॅम्प द्या" म्हणालात तर फ्रेमवर पोस्ट आवळायची ती गोल रिंग हातात मिळेल, म्हणून "सॅडल रेलचे कान, सात बाय नऊचे" असं सांगा आणि सोबत सॅडलखालून काढलेला फोटो पाठवा. ९.६ किंवा १० चा रेल असेल तर तो आकडा इथे नक्की कळवा, बाजूच्या क्लॅम्पमध्ये तो अर्धा मिमी महत्त्वाचा असतो. कानांसोबत नवा बोल्ट येत असेल तर नवाच वापरा, जुन्याची लांबी वेगळी असू शकते.

घरी फाइलने घासून खाच मोठी करायचा सल्ला कुणी देईल. करू नका. हाताने घासलेली खाच कधीच सारखी होत नाही आणि जिथे उंचवटा राहतो तिथेच रेलवर दाब येतो. रबराची पट्टी किंवा कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा मधे घालणं हा त्याचाच भाऊ, तोही नको.

आता बसवा

लागणारं सामान थोडंच आहे: ॲलन की, टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला क्लिक होणारा पाना), एक स्वच्छ फडकं. टॉर्क रेंच नसेल तर आणा, कार्बनच्या सॅडलवर एवढे पैसे घातल्यावर इथे हात आखडू नका, किंवा मग ज्या दुकानात तो आहे तिथे जाऊन आवळून घ्या. अंदाजाने आवळणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी त्याचा हात स्टीलवर तयार झालेला असतो.

रेल आणि कान कोरड्या फडक्याने पुसा. रेलवर ग्रीस लावायचं नाही. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थोडं ग्रीस चालतं, मॅन्युअलमध्ये कोरडा ठेवा असं म्हटलं नसेल तर, कारण ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त दाब देतो. मग बोल्ट न आवळता सगळं नुसतं जागेवर ठेवा आणि बाजूने उजेड धरून बघा, रेल खाचेत पूर्ण टेकलाय का, कुठे फट दिसतेय का, डावी-उजवी बाजू सारखी आहे का. या पायरीला घाई नको. इथे दिसलेली फट नंतर बोल्टने मिटवायची नसते.

कार्बन रेलवर बहुतेक कंपन्या पट्टे किंवा आकडे छापतात, किमान-कमाल अशी. क्लॅम्प पूर्णपणे त्या दोन खुणांच्या आत हवा. सॅडल एकदम मागे किंवा एकदम पुढे नेल्याशिवाय पोझिशन जमत नसेल तर क्लॅम्प रेलच्या वळणावर चढतो, आणि वळणावर खाच टेकत नाही, एकाच टोकाला टेकते. अशा वेळी जास्त किंवा कमी सेटबॅकचा (क्लॅम्प दांड्याच्या किती मागे आहे ते अंतर) पोस्ट घ्या, रेलवर जबरदस्ती करू नका.

आता टॉर्क. क्लॅम्पवर एक आकडा असतो, न्यूटन मीटरमध्ये, आणि सॅडलवर किंवा त्याच्या मॅन्युअलमध्ये दुसरा. दोन बोल्टच्या क्लॅम्पचा आकडा लहान असतो, बाजूच्या एका बोल्टवाल्याचा बऱ्यापैकी मोठा, त्यामुळे मित्राच्या सायकलीचा आकडा आपल्याला लावू नका. दोन आकड्यांमधला लहान तो आपला. त्या आकड्यावर सॅडल सरकत असेल तर आणखी आवळणं हा उपाय नाही, तुमची जोडीच जुळत नाहीये किंवा खाच चुकीची आहे असा त्याचा अर्थ. सॅडलच्या मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर कार्बन असेंब्ली पेस्टचा पातळ थर लावून बघा, त्यात बारीक कण असतात, कमी दाबात पकड येते.

दोन बोल्ट असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका, पाव-पाव फेरा आळीपाळीने द्या आणि रेंच शेवटच्या दोनतीन फेऱ्यांना लावा. एक बोल्ट आवळल्यावर दुसरा थोडा ढिला पडतो, म्हणून क्लिक झाल्यावर दोन्ही परत एकदा तपासा. कोन बदलायचा असेल तर बोल्ट पुरेसा ढिला करून मगच हलवा. अर्धवट आवळलेल्या क्लॅम्पमध्ये सॅडल ठोकून पुढे-मागे केलं की रेलवर ओरखडे येतात, आणि बाजूच्या क्लॅम्पला आत दाते असतील तर ते झिजतात, मग तो कधीच नीट धरत नाही.

पहिल्या राइडनंतर

घराजवळ पाचदहा किलोमीटर चालवा, एकदोन स्पीडब्रेकर बसूनच घ्या, परत या आणि टॉर्क पुन्हा तपासा. खुणेसाठी रेलवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावला असेल तर सॅडल सरकलं की लगेच कळतं. कुरकुर आवाज आला तर आधी सगळं खोलून पुसून परत लावा, खूपदा धूळच असते, पण आवाज राहिला आणि सॅडलच्या एका बाजूला बसल्यावर जास्त येत असेल तर रेल काढून टॉर्चने बघा. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचा बेत असेल तर नवीन सॅडल आदल्या रात्री बसवू नका, साडेतेरा तासांची वेळ असते, त्यात हायवेवर उभं राहून क्लॅम्प खोलायला कुणालाच आवडत नाही.

पावसाळ्यात जास्त लक्ष द्या. मडगार्ड नसलं की मागचं चाक चिखल थेट क्लॅम्पच्या पोटात मारतं आणि ती माती कान आणि रेलच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करते. चिखलाच्या राइडनंतर प्रेशर वॉशर तिथे रोखून मारू नका, पाण्याने हळू धुवा आणि महिन्यातून एकदा क्लॅम्प पूर्ण उघडून पुसा.

अजून एक, जे जवळजवळ सगळे विसरतात. रेलला फक्त पोस्टच पकडत नाही. ट्रायथलॉनवाल्यांचे सॅडलमागचे बाटलीचे ब्रॅकेट, काही सॅडलबॅगचे स्क्रूने आवळायचे क्लिप, मागच्या दिव्याचे आणि ॲक्शन कॅमेऱ्याचे माउंट, हे सगळे त्याच रेलवर आवळले जातात आणि बरेचसे गोल ७ मिमीसाठीच बनवलेले असतात. पोस्टचे कान बरोबर घेतले आणि भरलेल्या दोन बाटल्यांचं वजन चुकीच्या ब्रॅकेटने रेलच्या मागच्या टोकाला लटकवलं तर काय उपयोग. त्या वस्तूवरही ७x९ लिहिलंय का बघा, नसेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांची बॅग वापरा, किंवा दिवा सरळ सीटपोस्टला लावा.

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनसाठी किंवा कुठेही सायकल बॉक्समध्ये भरून न्यायची असेल तर सॅडल क्लॅम्पमधून काढू नका. पोस्टवर उंचीची खूण म्हणून टेप लावा आणि पोस्ट सॅडलसकट बाहेर काढा, म्हणजे रेलवरचा टॉर्क, कोन, पुढे-मागे सगळं तसंच राहतं आणि तिकडे पोचल्यावर फक्त फ्रेमची रिंग आवळायची राहते. डीआय२ (शिमानोचे बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक) गिअर असतील तर पोस्ट ओढायच्या आधी थांबा, बऱ्याच सायकलींत बॅटरी पोस्टच्या आतच असते आणि तिची वायर खालून जोडलेली असते, ती हळूच सोडवून टोक फ्रेमच्या बाहेर टेपने चिकटवून ठेवा म्हणजे आत पडणार नाही.